मामाने केलेली चौकशी

अकोला, ३ नोव्हेंबर १९५७

अक्का,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. भाऊबीजेला येतो म्हणालो आणि आलो नाही. तुझा राग खरा आहे. पण दिवाळी आणि कापूस एकाच वेळी येतात, त्याला मी काय करू? रेल्वेच्या मालधक्क्यावर गाठींचे ढीग लागलेत, वॅगनी मिळत नाहीत, व्यापारी माझ्यावर ओरडतात आणि मी हमालांवर. संध्याकाळी घरी यायचं, अंगावरचा कापूस झटकायचा आणि सकाळचीच भाकरी खायची. सुभद्रा जाऊन पाच वर्षं झाली, तरी एकट्यापुरता स्वयंपाक अजून जमत नाही. माणसाने अठ्ठेचाळीसाव्या वर्षी किती थकावं याला काही सुमार असावा की नाही?

वेळ कसा घालवतोस, असं तू विचारलं होतंस. सांगतो, पण हसू नको. इथे जठारपेठेत एका भिक्षुकाचा मुलगा आहे, रविकांत. बापाने पोथी शिकवायला घेतली, हा रेडिओ दुरुस्त करायला शिकला. सिलोन लावला असता त्याने एका अमेरिकन माणसाची तबकडी ऐकली. तो माणूस विजेवरची गिटार वाजवतो आणि त्याची बायको गाते, तेही अशी की एकाच तबकडीत तिचेच तीन-चार आवाज एका वेळी ऐकू येतात. रविकांतची झोप उडाली. त्याने नागपूरहून साधी गिटार आणली, मोडक्या टेलिफोनमधलं लोहचुंबक काढलं, त्यावर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे चार हजार वेढे हाताने गुंडाळले, आणि ते गिटारीत बसवून जुन्या रेडिओला जोडलं. मांडीवर आडवी ठेवून, वरून लोखंडी कांडी सरकवत तो वाजवतो. सूर संपतो असं वाटतं आणि तो लांबतच जातो. साऱ्या वऱ्हाडात असं वाद्य दुसऱ्या कुणाकडे नाही.

त्याच्याबरोबर गाते ती पातूरच्या पंजाबरावांची मुलगी, तारा. आपल्यातलेच लोक आहेत. जमीन पातूरला, पण मुलीच्या शाळेसाठी अकोल्यात घर केलंय. पोरगी एकवीस वर्षांची, सावळी, गाताना हात मांडीवरून हलवत नाही.

दर रविवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम असतो. गेल्या रविवारी मधेच लाइट गेली. गिटार जागच्या जागी मुकी झाली, कारण तिचा जीव विजेत. पण तारा थांबली नाही. अंधारात एकटी गात राहिली. दहा मिनिटांनी लाइट आली तर गिटार तिच्या बरोबर सुरात येऊन मिळाली. अक्का, मी रडलो. माझ्या शेजारी माझाच एक हमाल बसला होता, तो म्हणाला, "बाबू, तुमी रडून राह्यले का?" मी म्हणालो, डोळ्यात कापूस गेला.

आठवड्याचे सहा दिवस मी या एका संध्याकाळच्या भरवशावर काढतो.

किसन


अमरावती, १८ नोव्हेंबर १९५७

चि. किसन,

आशीर्वाद. बहिणीचं ताट सोडून परक्याच्या पोरीचं गाणं ऐकून रडणारा भाऊ मला मिळाला, माझं नशीब. ओवाळणी पाठवली नाहीस ती पुढच्या वर्षी दुप्पट घेईन.

इथे तुझ्या भाच्याला हायस्कुलात नोकरी लागली. उद्धव गणित शिकवतो. घरात मात्र घुम्यासारखा असतो, विचारलं तेवढंच बोलतो. माझे गुडघे बरे नाहीत, अंबादेवीच्या पायऱ्या यंदा बसत-उठत चढले. तू दुसरं लग्न केलं नाहीस, आता निदान वेळेवर जेव. तुझ्या तारालाही आशीर्वाद, आमच्या किसनला तेवढंच सुख.

अक्का


अमरावती, ८ फेब्रुवारी १९५९

चि. किसन,

आशीर्वाद. हे पत्र कामाचं आहे, नीट बसून वाच.

तुझ्या त्या गिटारवाल्याचा कार्यक्रम मागच्या महिन्यात आमच्याकडे राजापेठेत झाला. त्याने कुठल्याशा जिनवाल्या शेटकडून टेपरेकॉर्डर मिळवलाय. त्यात तारा आधी गाऊन ठेवते, मग तो लावून त्याच्यावर पुन्हा गाते. लोकांना वाटलं, पडद्यामागे तिची बहीण बसली आहे. आमचा उद्धव तर मध्यंतरात ती बहीण बघायला पडद्यामागे गेला. तिथे ती टेपची पेटी आणि पाणी पीत असलेली तारा, एवढंच. काय बोलले देव जाणे. घरी आला आणि चार दिवसांनी, ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही तो मुलगा वडिलांसमोर उभा राहून म्हणाला, "लग्न कराचं तं याच मुलीशी."

हे आधी तापले, मग निवळले. कूळ बरं आहे, पत्रिका जमते. आम्ही अकोल्याला तिच्या घरी जाऊन आलो. त्या दिवशी तुझी ड्यूटी होती, म्हणून तुला कळवलं नाही. मुलगी मला आवडली. पण किसन, पाच-सहा वर्षं ती एका परजातीच्या मुलाबरोबर गाते आहे. लोक बोलणारच. आपल्याकडे चौकशीशिवाय सुपारी फुटत नाही, हे तुला सांगायला नको. चौकशी तुझ्याकडेच करायची असं ठरलं आहे. मामाचा शब्द आला की झालं, असं यांचं म्हणणं.

तेव्हा मुलीचं वागणं कसं, त्या गिटारवाल्याचं आणि तिचं नेमकं काय, हे स्पष्ट लिही. लग्नानंतर स्टेजवर गाणं आमच्याकडे चालायचं नाही, ते तर उघडच आहे.

अक्का


अकोला, १७ फेब्रुवारी १९५९

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र तीन दिवस उशाखाली ठेवलं होतं. तिचं गाणं बंद होणार हे वाचून मला वाईट वाटलं, पण ते बाजूला ठेवून लिहितो. चौकशी ती चौकशी.

घर खाऊनपिऊन सुखी आहे. पंजाबराव शब्दाचे पक्के आहेत. मुलगी शांत आहे, मोठ्यांचा मान ठेवते, मॅट्रिक पास आहे.

आता तू विचारलंस त्याविषयी. सराव रोज असतो, दुपारी तीन ते सात, रविकांतच्या घरी, माडीवरच्या खोलीत. गेली पाच वर्षं यात खंड नाही. तिच्या आजारपणात रविकांत दवाखान्यात बसून होता, हे अकोल्यात सगळ्यांना माहीत आहे. दोघं ज्यांना गुरुस्थानी मानतात, ज्यांच्याप्रमाणे वाजवायचं-गायचं ठरवतात, ते अमेरिकेतले दोघे नवरा-बायको आहेत.

यापलीकडे मी डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही आणि ऐकीव लिहिण्याची मला सवय नाही. तुम्ही सगळे जाणते आहात. उद्धवला आशीर्वाद.

किसन


अमरावती, १ मार्च १९५९

चि. किसन,

तुझं पत्र पोचलं. आपल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांना बसवून वाचलं. माझा चष्मा सापडेना म्हणून उद्धवनेच वाचायला घेतलं. माडीवरच्या खोलीपाशी तो थांबला. हे म्हणाले, "वाच ना पुढं, कावून थांबला?" नवरा-बायको या शब्दापर्यंत त्याने वाचलं आणि पत्र माझ्या मांडीवर ठेवून उठून गेला. यांनी सुपारी डब्यात परत टाकली. पंजाबरावांना निरोप गेला आहे.

किसन, तू लहानपणापासून कमी लिहिणारा. तुझ्या पत्रात काही लिहायचं राहिलं का रे? राहिलं असेल तर आठ दिवसांत कळव. त्यानंतर तिवशाची मुलगी बघायला जायचं आहे.

अक्का


अकोला, २० एप्रिल १९५९

अक्का,

उद्धवच्या लग्नाची पत्रिका मिळाली. रजा मंजूर झाली आहे, येतो. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. कापसाचे दिवस होते.

किसन


अकोला, १० जुलै १९६२

अक्का,

नमस्कार. वर्षभरात पत्र नाही, याबद्दल तू जे बोलशील ते मी आधीच स्वतःला बोलून घेतलंय. प्रकृती बरी म्हणायची. सकाळी उठतो तेव्हाच झोपायची वेळ कधी होईल असं वाटतं.

इथली बातमी म्हणजे रविकांत मुंबईला गेला. सिनेमाच्या वाद्यवृंदात त्याला नोकरी मिळाली. तीन वर्षांत त्याचं नाव पार नागपूर-इंदूरपर्यंत झालं होतं. गेल्या गणपतीत दोघांचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा तो शेवटचा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. जाताना गिटार, टेपरेकॉर्डर आणि टेपची सगळी चाकं घेऊन गेला. मी त्याच्या आईकडे, गोदाबाईंकडे चौकशीला गेलो. म्हटलं, तारालाही तिकडे बोलावणार असेल. त्या म्हणाल्या, "त्यांना वाजवणारा हवा होता हो. गाणाऱ्या त्यांच्याकडे ढिगानं आहेत."

तारा आता मुलींच्या शिकवण्या घेते. कधीमधी हार्मोनियमवर एकटी गाते. पन्नास माणसं येतात. मी जातो. गाणं तेच आहे, पण दोन ओळींच्या मधे जिथे गिटार यायची तिथे ती अजून थांबते, आणि तेवढा वेळ कुणीच काही वाजवत नाही.

किसन


अमरावती, १२ फेब्रुवारी १९६४

चि. किसन,

आशीर्वाद. उद्धवला दुसरा मुलगा झाला. बारसं येत्या रविवारी. सून भली आहे, घर सांभाळते. उद्धव संसार नीट करतो, तक्रारीला जागा नाही. शाळा, शिकवण्या, झोप. रेडिओ मात्र त्याने घरात येऊ दिला नाही. मुलांच्या अभ्यासाचं निमित्त सांगतो.

परवा पातूरचं कुणी भेटलं होतं, त्यावरून आठवलं. त्या मुलीचं लग्न झालं का रे?

अक्का


अकोला, ४ मार्च १९६४

अक्का,

नाही झालं.

बारशाला मी का आलो नाही हे आता लिहितो. तू विचारलंस म्हणून लिहितो. नाहीतर आणखी पाच वर्षं गेली असती.

मागच्या महिन्यात पंजाबराव मालधक्क्यावर आले होते. माझ्या खुर्चीपाशी बसले आणि म्हणाले, "किसनराव, पोरगी अठ्ठावीसची झाली. तीन जागी बोलनं केलं. सगळे म्हणतात, अमरावतीवाल्यायनं कावून सोडली? आता मी काय सांगू लोकायले?" मी त्यांना चहा पाजला. दुसरं काही केलं नाही.

अक्का, चौकशीच्या पत्रात मी एकही शब्द खोटा लिहिला नाही. तीच तर माझी लबाडी. माडीवरच्या खोलीत रोज दुपारी तीन ते सात गोदाबाई तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, हे लिहिलं नाही. मी स्वतः कितीदा तिथे बसून चहा घेतला आहे. दवाखान्यात रविकांत होता, तसा मीही होतो, आणि पंजाबराव तर सगळ्या रात्री. रविकांत तिला "ताराबाई" म्हणायचा आणि ती त्याला "दादा". हेही लिहिलं नाही. त्या अमेरिकन जोडप्याचं लिहायची काहीच गरज नव्हती, ते मात्र लिहिलं. ती ओळ मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली.

का, ते तुला कळलंच असेल. ती अमरावतीला गेली असती तर गाणं संपलं असतं. मला तेवढंच सुख होतं. सुभद्रा नाही, मूल नाही, दिवसभर गाठी मोजायच्या आणि रविवारी ती दोघं. मला वाटलं, मी गाणं वाचवतो आहे. मी माझा रविवार वाचवत होतो. तू आठ दिवसांची मुदत दिलीस, ते पत्र मी खिशात घेऊन हिंडलो. लग्नात उद्धवच्या मागे मामा म्हणून उभा राहिलो तेव्हा त्याने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. तो मला काही विचारील म्हणून मी घाबरलो होतो. त्याने नारळ नीट धरायला सांगितला.

आणि ज्याच्यासाठी केलं ते तीन वर्षांत मुंबईला गेलं.

उद्धवचं आता काही होणे नाही, मला कळतं. पण तारासाठी आपल्या नात्यात एखादं चांगलं स्थळ बघ. चौकशी माझ्याकडे कर. या वेळी मी सगळं लिहीन.

किसन


अमरावती, १५ मार्च १९६४

किसन,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. उद्धवच्या हाती ते पडायला नको.

तुला शिव्या द्यायच्या म्हणून बसले होते, पण माझा हात चालत नाही. लग्नानंतर गाणं चालायचं नाही हे मी माझ्या मनाने लिहिलं होतं. उद्धव उलट म्हणाला होता की ती गाणार असेल तरच मला हे लग्न करायचं आहे, अमरावतीत मी तिचे कार्यक्रम करीन. मला ते नको होतं. नात्यातल्या बाया काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. तुझं पत्र आलं तेव्हा त्यात काही दडलंय हे मला समजलं होतं. मी तुझी अक्का आहे, तुझं अक्षर कुठे दबतं ते मला कळतं. मी एकदा विचारलं आणि तू बोलला नाहीस, ते माझ्याही पथ्यावर पडलं.

स्थळ वगैरे आता तू बघू नको. ते तुझं काम राहिलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुला तेव्हा सांगायची नाही असं ठरलं होतं, कारण चौकशी कुणाच्या सांगण्यावरून आली हे चौकशी करणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. आता पाच वर्षं उलटल्यावर सांगते. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा यांनी पंजाबरावांना विचारलं, अकोल्यात तुमच्याविषयी कुणाला विचारावं? पंजाबराव वकिलांची, सरपंचांची नावं घेऊ लागले. तेवढ्यात मुलगी पोह्यांच्या ताटल्या ठेवता ठेवता म्हणाली, "मालधक्क्यावरचे किसनकाका हायेत. त्यायले इचारा. ते आमाले पहिल्यापासून पाहून राह्यले, ते खरं सांगतीन."

तू उद्धवचा मामा आहेस हे तिला ठाऊक नव्हतं. मी गालातल्या गालात हसले. तुझ्याकडे चौकशी आली ती अशी.

म्हणजे लग्न कुणाच्या शब्दावर मोडलं, हे निरोप गेला त्या दिवसापासून तिला माहीत आहे.

अक्का


अकोला, २९ मार्च १९६४

अक्का,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रजा न मागताच घरी राहिलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आज दुपारी पंजाबरावांच्या घरी गेलो. ओसरीवर तारा चार मुलींना शिकवत होती. मला पाहून तिने नेहमीसारखी सतरंजी सरकवली. मी बसलो नाही. मुलींच्या देखतच सगळं सांगितलं, गोदाबाईंचं, दवाखान्याचं, त्या ओळीचं. उद्धव माझा भाचा आहे हेही सांगितलं. ते मात्र तिला नवीन होतं. तिने पेटीचा भाता बंद केला.

मी म्हणालो, "तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस, बेटा? मला चार शिव्या द्यायच्या होत्यास."

ती म्हणाली, "मी काय बोलू, काका? बोलाचं तुमाले व्हतं."

मग म्हणाली, "तुमी दर कार्यक्रमाले येत व्हते. मले वाटे, आज काका सांगतीन. गाणं झालं का लोकं जाईपर्यंत मी तिथंच थांबून राहत व्हती. तुमी जवळ येत, म्हणत, लय गोड गायली बेटा. अन् निघून जात व्हते. पाच वर्षं, काका. दर बारीले मी थांबली."

तिचा आवाज चढला नाही. मी माफी मागितली. पंजाबराव आत होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण ते बाहेर आले नाहीत.

तिने मुलींना सांगितलं, "चला, पहिल्यापासून." मुली गायला लागल्या. मी चपला घातल्या आणि घरी आलो.

किसन